वडील ७२, आई ६८. सोलापूर सोडून पुण्याजवळच्या ज्येष्ठांच्या वसाहतीत रमतील का?
रमतील, पण घर विकत घेण्याआधी दोघांना तिथे महिनाभर भाड्याने राहून बघू द्या. माझे सासू-सासरे सोलापुरातून असेच गेले. सकाळचा योग, संध्याकाळचं भजन, कॅरम यांत सासरे आठवड्यात रुळले. सासूबाईंना मात्र कडक भाकरी आणि शेंगाचटणीशिवायचं जेवण जड गेलं. म्हणून खोलीत स्वतःचा गॅस चालतो का, हे आधी विचारा. महारेराने, म्हणजे राज्याच्या घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाने, २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी निकष ठरवलेत: दार किमान ९०० मिलिमीटर रुंद हवं, व्हीलचेअर जावी म्हणून. टेप नेऊन मोजाच. एक लक्षात घ्या, अंथरुणाला खिळल्यानंतरच्या शुश्रूषेचे पैसे अनेक ठिकाणी वेगळे पडतात. ते करारात लिहून घ्या.