स्थलांतरित मजुरांनी घरी पाठवलेल्या पैशामुळे लोकशाही बळकट होते की कमकुवत?

प्रश्न बहुधा परदेशातून येणाऱ्या पैशाबद्दल आहे. मी धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यातला. आमच्याकडे पैसा येतो सुरतहून, म्हणून तिथलंच सांगतो.

माझा मोठा भाऊ 14 वर्षांपासून सुरतच्या उधन्यात कापडाच्या लूमवर आहे. तो जायच्या आधी आमच्या घरातली मतं आमची नव्हतीच. सोसायटीचं पीककर्ज, उधारीचं बियाणं, दवाखान्याला हातउसने पैसे, सगळ्यासाठी एकाच घरी जावं लागायचं. मतदानाच्या आदल्या रात्री त्या घरून निरोप यायचा आणि वडील तसंच बटण दाबायचे. भावाचे पैसे दरमहा यायला लागले, हळूहळू उधारी फिटली. मग एका 26 जानेवारीच्या ग्रामसभेत वडील उठले आणि म्हणाले, पाणीपुरवठ्याचा हिशेब वाचून दाखवा. हात थरथरत होते त्यांचे. पण बसले नाहीत.

मेक्सिकोत एकच पक्ष 71 वर्षं सत्तेवर होता, 2000 साली हरला. तिथला अभ्यास करणाऱ्यांनाही हेच दिसलं: अमेरिकेतून पैसा येणाऱ्या घरांवरची सत्ताधाऱ्यांची पकड सैल झाली. पण जिथून फार माणसं बाहेर गेली, तिथे मतदान कमी होतं, हेही अभ्यासकांनीच नोंदवलं.

ही दुसरी बाजू मला जास्त टोचते. आमच्या जिल्हा परिषद शाळेत वर्षभर एक शिक्षक कमी होता. ज्यांच्या घरी सुरतचा पैसा येतो त्यांनी मुलं व्हॅनने दोंडाईच्याच्या इंग्रजी शाळेत घातली. पंचायत समितीत तक्रार घेऊन गेले ते चौघे, ज्यांचं सुरतला कोणी नाही. त्यांचं कोण ऐकणार? नळाचं तेच. बोअर आणि पाण्याचे जार आले, हिशेब मागणारे कमी झाले. वडिलांच्या त्या प्रश्नानंतर तो प्रश्न पुन्हा कोणी विचारलेला नाही.

आणि सगळाच बाहेरचा पैसा माणसाला मोकळं करत नाही. नवापूर, साक्रीकडची आदिवासी कुटुंबं बारडोली भागात ऊसतोडीला जातात. त्यांच्या हाती उचल आधी पडते, मग सगळा हंगाम ती फेडण्यात जातो. मुकादमाचं देणं डोक्यावर असताना त्याने सांगितलेल्या उमेदवाराला नाही म्हणणं फार अवघड असतं.

म्हणून माझं मत असं: पैसा भीती घालवतो, पण पाठवणाऱ्याला स्वतःचं मत देता आलं नाही तर गावाचा कारभार तसाच राहतो. 2024 मध्ये भाऊ आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, 10 मे रोजी घरी होता. धुळे मतदारसंघाचं मतदान होतं 20 मेला. इतके दिवस खाडा परवडत नाही, तो परत गेला. कायद्याने मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी आहे, पण लूमवर मीटरने पैसे घेणाऱ्याला ती कोण देतं! दूरून मतदान करता येईल अशा यंत्राचं प्रात्यक्षिक निवडणूक आयोगाने जानेवारी 2023 मध्ये राजकीय पक्षांना बोलावून ठेवलं होतं. एका यंत्रावर 72 मतदारसंघ घेता येतील असं ते होतं. त्या निवडणुकीत ते आमच्या कामाला आलं नाही.

धुळ्याचा निकाल 3,831 मतांनी लागला. त्या रात्री भावाने फोन करून आकडा विचारला, आणि फोनवरच आपल्या गल्लीतली सुरतला असलेली माणसं नावानिशी मोजायला लागला.