खुल्या तारा आणि गाणाऱ्याचा गंधार

प्रश्न : मी चार वर्षांपासून अकूस्टिक गिटार वाजवतो. घरी आई भजने म्हणते आणि तिची पट्टी काळी चार आहे. नेहमीच्या कॉर्डची साथ तिला तुटक वाटते. तंबोऱ्यासारखे मागे काहीतरी सतत भरलेले हवे, असे ती म्हणते. म्हणून एका व्हिडिओत पाहून मी गिटार ‘ओपन ए’मध्ये लावायला घेतली, तेव्हा तिसरी तार तुटली. भजनाच्या साथीला ओपन ट्यूनिंग चालते का आणि चालत असेल तर कोणते करावे? — एक वाचक, सातारा

उत्तर : चालते, आणि आपल्या आईंनी जे मागितले आहे ते देण्यासाठी त्याच्याइतका चांगला उपाय दुसरा नाही. ओपन ट्यूनिंग म्हणजे खुल्या तारा नुसत्या छेडल्या, तरी एक पूर्ण कॉर्ड वाजेल अशी लावणी. आधी तुटलेल्या तारेविषयी. ‘ओपन ए’मध्ये चौथी, तिसरी आणि दुसरी या तीन तारा प्रत्येकी दोन फ्रेटइतक्या, म्हणजे एका पूर्ण स्वराइतक्या, वर चढवाव्या लागतात. तारेवरचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे सूर दोन फ्रेटने चढवला, की ताण सुमारे २६ टक्क्यांनी वाढतो. तार जुनी असेल तर ती तुटते, आणि तुटली नाही तरी घोडीवर आणि मानेवर तो भार पडतोच. यासाठी माझा सल्ला असा, की स्टीलच्या तारांच्या गिटारवर तारा चढवून नव्हे, तर उतरवून सूर लावावेत आणि लागेल तेवढी उंची कॅपोने, म्हणजे सगळ्या तारा एकाच फ्रेटवर दाबून धरणाऱ्या चिमट्याने, मिळवावी.

आपल्यासाठी ‘ओपन जी’ योग्य आहे. त्यात सगळ्यांत जाड सहाव्या तारेपासून सगळ्यांत बारीक पहिल्या तारेकडे डी, जी, डी, जी, बी, डी असे सूर येतात. जीला षड्ज मानले, तर हेच सूर प, सा, प, सा, ग, प असे वाचता येतात. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावला, की षड्ज थेट काळी चारवर, म्हणजे जी शार्पवर, येतो आणि तिसरी खुली तार आईंच्या मध्य षड्जाशी एकरूप होते. हा जुळून आलेला योग सोडू नये.

यात सहावी, पाचवी आणि पहिली एवढ्या तीनच तारा बदलतात आणि तिन्ही दोन फ्रेटने उतरतात. कॅपो काढून ठेवा. सहावी तार खुल्या चौथ्या तारेच्या बरोबर एक सप्तक खाली लावा, पाचवी तार खुल्या तिसऱ्या तारेच्या एक सप्तक खाली लावा आणि पहिली तार चौथ्या तारेच्या बाराव्या फ्रेटवरच्या सुराशी मिळवा. प्रत्येक तार हव्या त्या सुराच्या थोडी खाली न्यावी आणि मग हळूहळू चढवत सुरावर आणावी. खालून चढत आलेली तार टिकते, वरून उतरवून सोडलेली तार दोन ओव्यांत आणखी घसरते. तीन तारांचा ताण कमी झाला, की मान किंचित मागे सरळ होते आणि न बदललेल्या तारा थोड्या चढतात, म्हणून सहाही तारा पुन्हा एकदा तपासाव्यात.

आता गंधाराविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण खरी गोम तिथेच आहे. ट्यूनरवर दुसरी तार बरोबर लावली, तर तिची कंपने सेकंदाला २४६.९ होतात. मात्र तिसऱ्या तारेच्या षड्जातून स्वाभाविकपणे उमटणारा गंधार २४५ वर असतो. तंबोरा नीट जुळला, की कोणीही न छेडता ऐकू येणारा स्वयंभू गंधार म्हणतात तो हाच. खोली शांत असताना दुसरी आणि तिसरी तार एकत्र छेडून कान लावा. सेकंदाला सुमारे आठ वेळा थरथरणारी एक बारीक लहर ऐकू येईल. दुसरी तार केसभर उतरवत गेलात, की ती लहर मंदावते आणि अखेर विरून जाते. तो क्षण आईंना ऐकवा. त्यांना काही समजावून सांगावे लागणार नाही. या गोडव्याची किंमतही आहे. ही तार अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाने उतरलेली असल्यामुळे तिच्यावर कॅपोपासून पहिल्या फ्रेटवर येणारा मध्यम तेवढाच उतरलेला लागतो. तो मध्यम तिसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला घ्यावा.

दुसरी अडचण त्याहून मोठी आहे. ओपन ट्यूनिंग करणे म्हणजे एका गंधाराशी बांधून घेणे होय. भूप किंवा यमनच्या अंगाच्या चालींना ही खुली तार शोभते. परंतु भजनांची सांगता भैरवीने करायची म्हटली, तर शुद्ध गंधार गळ्यातल्या कोमल गंधारावर सरळ आदळतो. त्यासाठी भैरवीपूर्वी दुसरी तार एक फ्रेट उतरवून कोमल गंधारावर आणावी. मालकंसातल्या अभंगाला मात्र या लावणीचा हट्ट धरू नये. तिथे पंचम वर्ज्य असतो आणि आपल्या सहापैकी तीन तारा पंचमाच्या आहेत. अशा रचनेला नेहमीच्याच ट्यूनिंगमध्ये मोजके सूर वाजवावेत.

एक छोटी सूचना. सहावी तार पंचमाची असल्याने ती जोरात वाजली, की साथ षड्जावर टेकत नाही. रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचे किथ रिचर्ड्स ‘ओपन जी’ वाजवताना ती तार काढूनच टाकतात. आपण ती अंगठ्याने हलकेच छेडली, तरी पुरेल.

प्रश्न : अपघातानंतर माझ्या डाव्या हाताची दोन बोटे नीट वाकत नाहीत. शिक्षकांनी गिटार सोडण्याचा सल्ला दिला. वरच्यासारखे ट्यूनिंग करून वाजवणे म्हणजे पळवाट ठरेल का? — एक वाचक, बेळगाव

उत्तर : अजिबात नाही, आणि आपण गिटार सोडू नये, असे मी मनापासून सांगतो. कॅनडाच्या गायिका आणि गिटारवादक जोनी मिचेल यांना लहानपणी पोलिओ झाला होता आणि त्यामुळे डावा हात कमजोर राहिला होता. त्यांनी अशाच निरनिराळ्या लावण्या वापरून स्वतःची वादनशैली घडवली. ‘ओपन जी’मध्ये एकच बोट पाचव्या फ्रेटवर आडवे धरले, की सीची कॉर्ड मिळते आणि सातव्यावर डीची, जी तर खुल्या तारांवरच आहे. पुष्कळशी गाणी एवढ्या तीन कॉर्डवर उभी राहतात.

ते एक बोटही दुखत असेल, तर गिटार मांडीवर आडवी घेऊन लोखंडी पट्टीने वाजवावी. हवाईमध्ये तारा सैल करून गिटार लावण्याची जुनी परंपरा आहे आणि तिला तिकडच्या भाषेत ‘की होआलू’, म्हणजे सैल केलेली किल्ली, असेच म्हणतात. तारांवर पोलाद सरकवण्याची रीत तिथेच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजली, आणि तिचे श्रेय सहसा जोसेफ केकुकू यांना दिले जाते. आपल्याकडे ब्रिजभूषण काबरा यांनी याच पद्धतीने गिटारवर राग वाजवले. विश्वमोहन भट्ट यांना १९९४ साली राय कूडर यांच्यासह ग्रॅमी मिळाले, तेही तारेवर पट्टी सरकवत वाजवलेल्या वाद्यासाठीच. मींडेला ही पद्धत इतकी अनुकूल आहे, की फ्रेटवर बोटे दाबून तसा सूर काढणे धडधाकट हातालाही जमत नाही.

यासाठी तारा फ्रेटपासून उंच हव्यात. नटवर, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या तुकड्यावर, बसणारी धातूची छोटी पट्टी वाद्यांच्या दुकानात मागावी. ती बसवायला गिटार कापावी लागत नाही आणि काढली, की वाद्य पूर्ववत होते. सुरुवातीचा महिनाभर फक्त तिसऱ्या तारेवर सा ते प असा सावकाश प्रवास करावा आणि हातातली लोखंडी पट्टी फ्रेटच्या मागे नव्हे, तर बरोबर फ्रेटच्या रेषेवर थांबते ना, याकडे लक्ष द्यावे.