भाडे थकले, काम थांबले. सभासदांना काय सांगावे?

प्रश्न : मुलुंडमधील आमच्या गृहनिर्माण संस्थेचा मी सचिव आहे. पुनर्विकासासाठी इमारत पाडली, काम जोत्यापर्यंत आले आणि थांबले. विकासकाने सभासदांना पर्यायी घरासाठी द्यायचे काही महिन्यांचे भाडेही थकवले आहे. ठाणे, डोंबिवली, बदलापूर येथे पांगलेले सभासद रोज फोन करतात, व्हॉट्सअ‍ॅपवर नवनव्या अफवा उठतात, आणि पुढे काय होणार हे मलाच ठाऊक नाही. सर्वांना शांत कसे ठेवावे?

उत्तर : सर्वांना शांत ठेवण्याची जबाबदारी आपण घेऊ नये. राहते घर पाडले गेले आहे आणि भाडे खिशातून जात आहे, अशा माणसाची काळजी रास्तच असते. ‘धीर धरा, सगळे ठीक होईल’ हे वाक्य त्याला चीड आणते, कारण ते कशाच्या आधारावर म्हटले आहे हे त्याला कळत नाही. दोन स्थानकांच्या मध्ये लोकल थांबली की प्रवासी उशिरापेक्षा उद्घोषणेच्या अभावाने अधिक अस्वस्थ होतात. आपल्या सभासदांचे तेच झाले आहे.

म्हणून एक वार ठरवा, समजा रविवार, आणि त्या दिवशी समितीच्या वतीने लेखी निवेदन पाठवा. त्यात विकासकाला पत्र कधी दिले, त्याची पोच मिळाली का, उत्तर आले का, कोणती परवानगी कोठे अडली आहे, एवढेच असावे; जे ठाऊक नाही तेथे ‘ही माहिती अद्याप मिळालेली नाही’ असे स्पष्ट लिहावे. सांगण्यासारखे काही घडले नसेल त्या रविवारी तर निवेदन अवश्य जावे, कारण सचिवाच्या मौनातूनच अफवांना जागा मिळते. ‘दिवाळीपर्यंत भाडे येईल’ अशी तारीख विकासकाच्या वतीने कधीही देऊ नका. ती चुकली की पुढे आपल्या खऱ्या माहितीवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. प्रकल्प महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, नोंदलेला असेल, तर विकासकाला दर तिमाहीस कामाची प्रगती त्या संकेतस्थळावर भरावी लागते. तो नोंदणी क्रमांक सर्वांना कळवा, म्हणजे खातरजमा करण्यासाठी कोणालाही केवळ आपल्या शब्दावर विसंबावे लागणार नाही.

आपल्या पत्रातून असे जाणवते की सारे ओझे आपण एकट्याने उचलले आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७२ नुसार संस्थेचा अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा असतो. कलम ७९अ खालील ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने विकासकाची निवडसुद्धा विशेष सर्वसाधारण सभेत, सहकारी संस्थांच्या निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर आणि चित्रीकरणासह व्हावी असे ठरवले आहे. जी निवड उघडपणे करायची, तिच्यातून उद्भवलेली अडचण मात्र सचिवाच्या फोनवर मिटवायची, हे सुसंगत नाही. विकासकाच्या कार्यालयात एकटे जाऊ नका. समितीतील दोघे आणि शक्यतो आपल्यावर टीका करणारा एक सभासद बरोबर न्या. तो जे प्रत्यक्ष ऐकेल, ते इतरांना आपल्यापेक्षा अधिक पटेल.

एक गोष्ट मात्र निवेदनाने भागणार नाही. निवृत्तिवेतनावर जगणारे, एकटे राहणारे, घरात आजारपण असलेले सभासद किती आहेत याची यादी करून त्यांना समितीतील कोणीतरी स्वतः फोन करावा. बहुधा ते गटावर काहीच लिहीत नाहीत आणि म्हणून आपल्याला शांत वाटतात. थकीत भाड्याच्या मागणीत त्यांची निकड पुढे ठेवावी, आणि घरमालक तगादा लावत असेल तर संस्थेच्या पत्रशीर्षावर वस्तुस्थितीचे पत्र द्यावे. काही मालक त्यावर थांबतात.

विकासक बदलावा अशी मागणी आता जोर धरेल. ती दडपू नका आणि उत्साहाने उचलूही नका. करारनामा रद्द करण्याच्या अटी, विकासकाने दिलेल्या बँक हमीची मुदत आणि न्यायालयीन वाद झाल्यास लागणारा काळ यांविषयी वकिलाचे लेखी मत घ्यावे, ते सभेच्या कार्यसूचीसोबत प्रत्येक सभासदास पाठवावे, आणि मतदान त्यानंतरच घ्यावे.