ग्लेझ्ड मीटबॉल्स पहिल्यांदाच करतेयस ना, मग हे वाच

अगं पंधरा माणसं येणारेत म्हणून टेन्शन घेऊ नकोस, स्टार्टरला एक किलो चिकन खिमा भरपूर होतो. फक्त खिमा धुतलास तर चाळणीत चांगला निथळू दे, पाणी राहिलं की गोळे फुटतात, मग ब्रेडक्रम्ब्स ओतत बसावं लागतं आणि सगळं पिठूळ लागतं. ब्रेडचे चार स्लाइस दुधात भिजवून पिळून घाल, दोन अंडी, आलं-लसूण, मिरची, कोथिंबीर. मीठ बेतानेच, कारण पुढे सोया सॉस आहे. आणि कणकेसारखं मळू नकोस गं, गोळे दडस होतात, बोटांनी हलकं कालवायचं. चमचाभर मिश्रण तव्यावर भाजून चाखून बघ.

हाताला तेल लावून छोट्या लिंबाएवढे गोळे कर, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेव, मग ओव्हनला 200 डिग्रीवर 15-18 मिनिटं. थर्मामीटर असेल तर आत 74 डिग्री दिसलं पाहिजे.

ग्लेझ, म्हणजे गोळ्यांना वरून लावायचा चकचकीत घट्ट सॉस, मात्र वेगळ्या भांड्यात कर. पाव वाटी सोया सॉस, पाव वाटी मध, दोन चमचे व्हिनेगर, ठेचलेला लसूण, चिली फ्लेक्स, अर्धी वाटी पाणी, हे मंद आचेवर आटव, चमच्याच्या पाठीवर बोट फिरवल्यावर रेघ तशीच राहिली की झालं. गोळे त्यात अगदी शेवटी घोळव, आधीच ग्लेझ लावून ओव्हनमध्ये टाकलंस तर मध करपून कडू होतो, माझा एक अख्खा ट्रे असा गेलाय. आदल्या दिवशी भाजून फ्रीजमध्ये ठेवले तरी चालतात, ऐनवेळी झाकण ठेवून ग्लेझमध्ये पूर्ण गरम कर, वरून पांढरे तीळ.