वाचकांचे आरोग्यप्रश्न : स्तनातील दुर्मीळ गाठी

प्रश्न : माझी धाकटी बहीण ४१ वर्षांची आहे. तिच्या डाव्या स्तनातील गाठ चार-पाच महिन्यांत लिंबाएवढीची मोसंबीएवढी झाली. सुईच्या बायोप्सीत ‘फायब्रोएडिनोमा’ असा निर्धोक रिपोर्ट आल्यामुळे एका खासगी रुग्णालयात ती काढून घेतली. नंतरच्या रिपोर्टमध्ये मात्र ‘मॅलिग्नंट (घातक) फायलॉइड्स ट्यूमर, कडेपर्यंत पेशी आहेत’ असे लिहून आले. आता डॉक्टर पुन्हा शस्त्रक्रिया सुचवतात. पण काखेतील गाठी (लसिकाग्रंथी) काढणार नाहीत आणि केमोथेरपीही देणार नाहीत. घरच्यांना हा उपचार अर्धवट वाटतो. तिला मुंबईला न्यावे का? तिच्या १६ वर्षांच्या मुलीला धोका आहे का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : आपण कळवलेल्या माहितीवरून डॉक्टरांनी सुचवलेला मार्ग योग्य दिसतो. स्तनाचा नेहमीचा कर्करोग दूध वाहून नेणाऱ्या नलिकांच्या व दुग्धग्रंथींच्या अस्तरातून सुरू होतो, तर फायलॉइड्स ही त्यांना आधार देणाऱ्या संयोजी ऊतीची गाठ आहे. योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये तिचे वर्णन केले. स्तनातील सर्व गाठींमध्ये तिचे प्रमाण एक टक्क्याहून कमी असते आणि त्यातही बहुतेक गाठी सौम्य निघतात. पेशींची दाटी, त्यांचे विभाजन, गाठीची कड अशा गोष्टी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून पॅथॉलॉजिस्ट तिची सौम्य, सीमारेषेवरची किंवा घातक अशी प्रतवारी करतो.

पहिला रिपोर्ट चुकला म्हणून कोणाला दोष देण्याची घाई करू नये. सुईने गाठीचे दोन-चार बारीक धागेच हाती लागतात, आणि फायलॉइड्सचा एखादा भाग हुबेहूब फायब्रोएडिनोमासारखा दिसू शकतो. तरीही चाळिशीच्या आसपासच्या स्त्रीची गाठ झपाट्याने वाढत असेल, तर ‘साधी गाठ’ एवढ्या रिपोर्टवर निर्धास्त राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा वेळी ती काढण्यापूर्वीच फायलॉइड्सची शक्यता धरून शस्त्रक्रियेची आखणी केली, तर दुसऱ्यांदा टेबलावर जाण्याची वेळ बरेचदा टळते.

या आजारात खरा उपचार शस्त्रक्रियाच आहे. गाठीभोवतीचा साधारण एक सेंटिमीटर निरोगी भाग सगळ्या बाजूंनी निघणे आवश्यक मानले जाते, आणि आपल्या बहिणीच्या बाबतीत काढलेल्या भागाच्या कडेपर्यंत गाठीच्या पेशी सापडल्यामुळे तेच काम अपुरे राहिले आहे. यासाठी पूर्ण स्तन काढावाच लागतो असे नाही. स्तनाच्या मानाने गाठ फार मोठी असेल आणि पुरेशी कड मिळणे शक्य नसेल, तेव्हाच तो निर्णय घेतात.

काखेतील गाठी न काढण्याचे कारण असे, की हा आजार पसरलाच तर प्रामुख्याने रक्तावाटे, बहुधा फुप्फुसांत पसरतो. काखेत तो क्वचितच जातो. त्या गाठी विनाकारण काढल्या तर हाताला कायमची सूज येण्याचा धोका मात्र पदरी पडतो. म्हणून काखेपेक्षा छातीचा सीटी स्कॅन झाला आहे का, हे विचारा. गाठ पूर्ण निघाल्यावर केमोथेरपीने फायदा होतो असे सिद्ध झालेले नाही; आजार पसरलेला असल्यास सार्कोमासाठी, म्हणजे हाडे, स्नायू अशा संयोजी ऊतींच्या कर्करोगासाठी, वापरली जाणारी डॉक्सोरुबिसिन, आयफॉस्फमाइड यांसारखी औषधे देतात. नेहमीच्या स्तनकर्करोगातील हार्मोनच्या गोळ्यांचाही येथे उपयोग नसतो. रेडिएशनने त्याच जागी गाठ परत येण्याची शक्यता कमी होते, पण आयुष्य वाढते असे दिसलेले नाही. घातक प्रकारात ते द्यावे का, हे दुसऱ्या शस्त्रक्रियेचा रिपोर्ट पाहून रेडिएशनतज्ज्ञांशी बोलून ठरवावे.

केवळ शस्त्रक्रियेसाठी मुंबई गाठण्याची सक्ती नाही. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात सल्ला घेता येईल. मात्र असे निदान दुसऱ्या अनुभवी पॅथॉलॉजिस्टच्या नजरेखालून जाणे मला अत्यावश्यक वाटते. त्यासाठी प्रयोगशाळेकडे लेखी अर्ज करून स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपून ठेवलेले गाठीचे तुकडे) मागून घ्या. पुढे परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात जायचे ठरले, तरी नुसत्या रिपोर्टच्या झेरॉक्सवर भागणार नाही. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्यविमा योजनेचे कार्ड असल्यास ही शस्त्रक्रिया त्यात बसते का, याची चौकशी दाखल होण्याआधीच करावी.

गाठ परत आली तर ती बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत येते, त्यामुळे या काळात दर सहा महिन्यांची तपासणी चुकवू नका. भाचीबद्दल म्हणाल, तर हा आजार सहसा आनुवंशिक नसतो. ली-फ्रॉमेनी सिंड्रोम हा कर्करोगाचा धोका वाढवणारा आनुवंशिक जनुकदोष त्याला अपवाद आहे. कुटुंबात कमी वयात सार्कोमा, मेंदूची गाठ किंवा स्तनाचा कर्करोग झालेली माणसे असतील, तर जनुकीय समुपदेशन घ्यावे. तसे काही नसल्यास सोळाव्या वर्षी मॅमोग्राफीच्या मागे लागू नये.

प्रश्न : आईच्या स्तनाच्या कर्करोगावर आठ वर्षांपूर्वी गाठ काढून रेडिएशन दिले होते. आता त्याच जागी कातडीवर मार लागल्यासारखा जांभळा डाग उठला आहे. मलम लावून पाहावे का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : मलमात वेळ घालवू नका. रेडिएशननंतर कातडीत साधे बदलही होतात. पण काही वर्षांनी, साधारणतः पाच ते दहा वर्षांनी, त्या जागी रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा अँजिओसार्कोमा हा अतिशय दुर्मीळ पण आक्रमक कर्करोग होऊ शकतो, आणि तो सुरुवातीला असाच दिसतो. मॅमोग्राफी स्वच्छ आली तरी तो नाही असे समजू नये. डागाचीच बायोप्सी करावी लागते. निदान पक्के झाल्यास बहुतेकदा पूर्ण स्तन आणि रेडिएशन मिळालेली कातडी मोठ्या प्रमाणात काढतात. तपासणीला जाताना जुनी रेडिएशनची फाइल सोबत न्या, कारण किरण नेमके कोठे आणि किती दिले होते, यावर शस्त्रक्रियेची रेषा ठरते.