वाचकांचे प्रश्न : ‘पहिल्या’ स्त्रियांविषयी

प्रश्न : स्पर्धा परीक्षांच्या एका पुस्तकात भारतातील पहिली महिला डॉक्टर म्हणून आनंदीबाई जोशी यांचे नाव दिले आहे, तर दुसऱ्यात कादंबिनी गांगुली यांचे. काही जण रखमाबाईंचे नाव घेतात. विद्यार्थ्यांनी नेमके कोणते उत्तर लिहावे? (एक शिक्षिका, कल्याण)

उत्तर : आनंदीबाई आणि कादंबिनी या दोन्ही नावांना आधार आहे, मात्र कोणती गोष्ट कोणी प्रथम केली हे सांगितल्याशिवाय त्यांपैकी एकही उत्तर पुरे होत नाही. औषधपाणी आणि बाळंतपण यांची जाण असलेल्या स्त्रिया आपल्याकडे पूर्वापार होत्याच. येथे प्रश्न आहे तो पाश्चात्त्य वैद्यकाच्या पदवीचा, त्या बळावर केलेल्या व्यवसायाचा आणि पगारी नेमणुकीचा, आणि या तिन्हींतला पहिलेपणाचा मान एकाच व्यक्तीच्या वाट्याला आलेला नाही.

पदवीचा मान आनंदीबाईंकडे जातो. १८६५ मध्ये जन्मलेल्या आणि आपल्याच कल्याणात वाढलेल्या यमुनेचे (आनंदीबाईंचे हे माहेरचे नाव) लग्न नवव्या वर्षी टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या, वयाने बऱ्याच मोठ्या असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. चौदाव्या वर्षी झालेले मूल अवघे दहा दिवस जगले. वैद्यक शिकण्याचा तिचा निश्चय त्या दुःखातून झाला, असे तिचे चरित्रकार सांगतात. १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने एकटी निघालेली ही मुलगी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली आणि ११ मार्च १८८६ रोजी एम.डी. झाली. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. तिच्या प्रबंधाचा विषय होता प्राचीन आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. त्या महाविद्यालयातील ऑक्टोबर १८८५ चे एक छायाचित्र आजही पाहायला मिळते. त्यात साडी नेसलेल्या आनंदीबाई, किमोनोतील जपानच्या केई ओकामी आणि आपल्या देशाच्या पोशाखातील सीरियाच्या साबात इस्लामबुली अशा तिघी शेजारी शेजारी बसल्या आहेत. आपापल्या देशाच्या ‘पहिल्या’ अशा तीन विद्यार्थिनी एका चौकटीत आलेले असे दुसरे छायाचित्र माझ्या तरी पाहण्यात नाही. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात महिला विभागाच्या प्रमुख म्हणून आनंदीबाईंची नेमणूक झाली होती. परंतु परत येताना सोबत आलेल्या क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला आणि त्या पदाचे काम त्यांच्या हातून होऊ शकले नाही.

भारतातच शिकून येथेच व्यवसाय करण्याचा मान मात्र कादंबिनी गांगुली यांचा आहे. वैद्यकीय शिक्षणाचे दार स्त्रियांसाठी प्रथम उघडले ते मद्रासने, १८७५ मध्ये. पण त्याचा लाभ सुरुवातीला घेतला तो युरोपीय आणि अँग्लो-इंडियन विद्यार्थिनींनी. कलकत्त्याचे वैद्यकीय महाविद्यालय स्त्रियांना प्रवेश द्यायला तयार नव्हते. चंद्रमुखी बसू यांच्यासह कलकत्ता विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर ठरलेल्या कादंबिनींसाठी ते अखेर तयार झाले. १८८६ मध्ये, म्हणजे आनंदीबाईंच्याच वर्षी, त्यांचे शिक्षण पूर्ण झाले. एका विषयात त्या उत्तीर्ण न झाल्याने विद्यापीठाची एम.बी. ही पदवी त्यांना मिळाली नाही. तिच्याऐवजी महाविद्यालयाने जी.बी.एम.सी. ही अर्हता दिली, जिच्या आधारे व्यवसाय करता येत असे. १८८८ मध्ये कलकत्त्याच्या लेडी डफरिन रुग्णालयात दरमहा ३०० रुपयांवर त्यांची नेमणूक झाली. अर्हतेवरून टोमणे ऐकावे लागत असल्याने पुढे त्या मुलांना घरी ठेवून स्कॉटलंडला गेल्या आणि १८९३ मध्ये तिथल्या तिन्ही वैद्यकीय संस्थांची संयुक्त अर्हता घेऊन आल्या. त्याआधी ‘बंगबासी’ या पत्राने त्यांच्या चारित्र्यावर आडून शिंतोडे उडवले, तेव्हा गांगुली दांपत्य गप्प बसले नाही. त्यांनी खटला भरला आणि संपादकांना १०० रुपये दंड व सहा महिन्यांची कैद झाली.

रखमाबाईंना ‘व्यवसाय करणारी पहिली महिला डॉक्टर’ असे म्हटलेले वारंवार वाचायला मिळते, ते मात्र टिकणारे नाही. कादंबिनी रुग्णालयात पगार घेत होत्या त्या १८८८ साली रखमाबाईंवर नवरा दादाजी यांनी लावलेला दावा नुकता कुठे तडजोडीने मिटला होता. अकराव्या वर्षी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला त्यांनी नकार दिला होता. मार्च १८८७ मध्ये उच्च न्यायालयाने नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात बसा असे फर्मावले, तेव्हा आपण तुरुंग पत्करू असे त्यांनी सांगितले. अखेर २,००० रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडला. त्यानंतर त्या लंडनला गेल्या, १८९४ मध्ये ब्रुसेल्सहून एम.डी. झाल्या आणि सुरत व राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत तीन दशकांहून अधिक काळ राबल्या. त्यांचे मोठेपण या प्रदीर्घ सेवेत आणि त्या नकारात आहे. त्यासाठी कादंबिनींचा मान काढून त्यांना देण्याची काही गरज नाही.

विद्यार्थ्यांना सांगायचे झाल्यास, परदेशी पदवी विचारली असेल तर आनंदीबाई आणि भारतात शिकून व्यवसाय विचारला असेल तर कादंबिनी असे लिहावे. प्रश्नात नुसते ‘पहिली महिला डॉक्टर’ असेल, तर दोष प्रश्न काढणाऱ्याचा समजावा.

प्रश्न : नाशिकच्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या, पण वकील म्हणून त्यांची नोंद १९२१ मध्ये झाली, असे वाचले. मधली २९ वर्षे कशात गेली? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : परीक्षेला बसू देणे आणि सनद देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या इतके कोणी अनुभवले नसेल. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर. गुणांवर त्यांना मिळायला हवी होती ती विलायतेची शिष्यवृत्ती केवळ स्त्री म्हणून नाकारली गेली, तेव्हा इंग्लंडमधील हितचिंतकांनी वर्गणी जमवून त्यांना १८८९ मध्ये ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात पोहोचवले. बी.सी.एल. ही कायद्याची परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. परंतु ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना पदवीच देत नसल्याने परीक्षा उत्तीर्ण होऊनही पदवीसाठी त्यांना जवळजवळ तीस वर्षे थांबावे लागले.

भारतात परतल्यावर त्यांनी मुंबई विद्यापीठाची एल.एल.बी. दिली, अलाहाबादची वकिलीची परीक्षाही दिली, आणि तरीही सनद मिळाली नाही. १८९६ मध्ये पुण्याच्या न्यायालयात खुनाचा आरोप असलेल्या एका स्त्रीची बाजू त्यांनी मांडली, पण तो अपवाद होता. १९०४ पासून त्या बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये, म्हणजे स्वतः कारभार पाहू न शकणाऱ्या वारसांच्या इस्टेटी सांभाळणाऱ्या खात्यात, सरकारी अधिकारी झाल्या. पडद्यातल्या विधवा जमीनदारिणी परपुरुष वकिलापुढे येत नसत, आणि त्यामुळे कारभारी आणि भाऊबंद त्यांची इस्टेट गिळत. अशा शेकडो स्त्रिया आणि त्यांची अल्पवयीन मुले यांचे हक्क राखणे हे कॉर्नेलियाबाईंचे काम होते. ज्यांच्यासाठी त्या इतक्या खपल्या, त्यांच्या वतीने न्यायासनासमोर उभे राहण्याचा अधिकार मात्र त्यांना नव्हता.

अडचण कायद्यात होती, की तो वाचणाऱ्यांत? १९१६ मध्ये रेजिना गुहा यांनी कलकत्ता उच्च न्यायालयात अर्ज केला, तेव्हा पूर्णपीठाने असे ठरवले की वकिलांविषयीचा कायदा करताना स्त्रिया कायदेमंडळाच्या मनातच नव्हत्या. वास्तविक, पुल्लिंगी शब्दात स्त्रियांचाही समावेश धरावा, असे सर्वसाधारण परिभाषेच्या कायद्यात सांगितलेले होते. पुढे १९२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने कॉर्नेलियाबाईंची नोंद केली आणि त्याच वर्षी पाटण्याने सुधांशुबाला हाजरा यांचा वकिलीसाठीचा अर्ज मात्र नाकारला. एकच कायदा गंगेकाठच्या दोन शहरांत असा दोन प्रकारे लागू होत असल्याने अखेर १९२३ मध्ये स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा स्वतंत्र कायदा करावा लागला.

मुंबई उच्च न्यायालयापुरते पाहिले, तर पहिले नाव मिठन टाटा यांचे येते. लग्नानंतर त्या मिठन लाम झाल्या. १९२३ मध्ये बॅरिस्टर होऊन आलेल्या मिठनबाई पुढच्या वर्षापासून तिथे काम करू लागल्या. त्याच न्यायालयात न्यायाधीशाच्या खुर्चीवर पहिली स्त्री, सुजाता मनोहर, बसल्या त्या थेट १९७८ मध्ये.

प्रश्न : विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री कमला सोहोनी की जानकी अम्माल? (एक विद्यार्थी, सांगली)

उत्तर : वर्ष पाहिल्यास जानकी अम्माल. वनस्पतिशास्त्रातील त्यांची मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट १९३१ ची आहे. कमलाबाईंची केंब्रिजची पीएच.डी. १९३९ ची आहे, आणि भारतीय विद्यापीठाची डी.एस्सी. मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री असीमा चटर्जी यांची १९४४ ची. कमलाबाईंविषयी लिहिताना ‘केंब्रिजची’ हे विशेषण घालावे, म्हणजे कोणावर अन्याय होत नाही.

कमलाबाई म्हणजे दुर्गाबाई भागवत यांची बहीण. वडील आणि काका दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये (आजची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स) शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते, त्यामुळे १९३३ मध्ये बी.एस्सी.त पहिल्या आल्यावर आपल्याला तिथे सहज प्रवेश मिळेल, असे त्यांना वाटणे साहजिक होते. संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून अर्ज फेटाळला. कमलाबाई त्यांना जाऊन भेटल्या आणि नकाराचे कारण विचारत राहिल्या. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर : पहिले वर्ष उमेदवारीचे, काम पसंत पडले तरच मान्यता, आणि पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये. वर्षभराने रामन यांचे समाधान झाले आणि संस्थेत इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला, पण अटींतला अपमान कमलाबाई शेवटपर्यंत विसरल्या नाहीत. नोबेल मिळवलेल्या संचालकाविषयी हे बोलून दाखवण्यात त्यांना संकोच वाटला नाही, हे मला त्यांच्या पदवीइतकेच महत्त्वाचे वाटते.

केंब्रिजला त्यांनी बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हे पेशींच्या श्वसनाला लागणारे प्रथिन असते हे दाखवून दिले आणि सुमारे ४० पानांच्या छोट्याशा प्रबंधावर पीएच.डी. मिळवली. परतल्यावर मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरा आणि कडधान्ये यांच्या पोषणमूल्यांवर त्यांनी काम केले.

प्रश्न : रेल्वेचालक सुरेखा यादव महाराष्ट्राच्याच ना? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : होय, सातारा जिल्ह्याच्या. १९८९ मध्ये त्या मध्य रेल्वेत सहायक चालक झाल्या आणि १३ मार्च २०२३ रोजी त्यांनी सोलापूरहून मुंबईपर्यंत वंदे भारत गाडी चालवली.

प्रश्न : पूर्वी लग्न केल्यास सनदी अधिकारी स्त्रीची नोकरी जात असे, हे खरे आहे का? (एक वाचक, अमरावती)

उत्तर : खरे आहे. भारतीय प्रशासन सेवेतील पहिल्या स्त्री अ‍ॅना राजम, नंतरच्या मल्होत्रा, १९५१ मध्ये निवडल्या गेल्या, तेव्हा लग्न केल्यास सेवा समाप्त होईल, असे त्यांच्या नेमणूकपत्रातच लिहिलेले होते. ही अट पुढे काही वर्षांनी गेली. न्हावाशेवा बंदराच्या उभारणीची जबाबदारी ज्यांनी सांभाळली, त्या याच.

परराष्ट्र सेवेत मात्र अट जास्त काळ टिकली. त्या सेवेतील पहिल्या स्त्री, १९४९ च्या तुकडीच्या सी. बी. मुथम्मा यांना पदोन्नतीत डावलले गेले, तेव्हा त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. लग्नाआधी स्त्री अधिकाऱ्याने सरकारची लेखी परवानगी घ्यावी, आणि संसारामुळे कामात बाधा येते असे सरकारला वाटल्यास तिला राजीनामा द्यायला सांगता येईल, असा नियम तेव्हा होता. विवाहित पुरुषांच्या संसाराने कामात बाधा येत नाही काय, असे १९७९ च्या निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी विचारले आणि सेवानियमांतला स्त्रीविषयीचा भेदभाव सरकारने तपासून काढून टाकावा, असे बजावले. याचिका मात्र फेटाळली गेली, कारण खटला चालू असतानाच सरकारने मुथम्मांना पदोन्नती देऊन टाकली होती आणि तो नियमही मागे घेत असल्याचे न्यायालयाला सांगितले होते.