खेकडे आणि कोळंबीच्या विषाणूंचे वर्गीकरण रोगाच्या लक्षणांवरून करता येते का?

येत नाही. लक्षणांवरून फार तर रोगाचा संशय घ्यावा, विषाणूचे कुळ ठरवू नये. इतके ठासून सांगण्याचे कारण 2004 मधली माझी एम.एस्सी.ची तोंडी परीक्षा आहे.

मी खानापूर तालुक्यातला. प्रकल्पासाठी बेळगावच्या मासळी बाजारातून, कारवारकडून आलेली कोळंबी आणि डेंगे सुतळीने बांधलेले खाडीचे खेकडे आणत असे. एका कोळंबीचे पाठीवरचे कवच सोलून उजेडात धरले, तेव्हा त्यात एकेक मिलिमीटरचे पांढरे ठिपके दिसले. नखाने खरवडूनही ते निघेनात. तसले ठिपके जिवाणूंमुळे किंवा अल्कधर्मी पाण्यामुळेही पडतात, म्हणून मी पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाच्या विषाणूसाठी (व्हाइट स्पॉट सिंड्रोम व्हायरस) पीसीआर चाचणी, म्हणजे विषाणूचा डीएनए शोधणारी चाचणी, करवून घेतली. ती होकारार्थी आली. शिवाय ज्याच्या अंगावर एकही ठिपका नव्हता, अशा एका धडधाकट खेकड्याचीही आली.

परीक्षकांना मी या विषाणूचे कुळ निमाव्हिरिडी असे सांगताच ते म्हणाले, "हा बॅक्युलोव्हायरस, म्हणजे बॅक्युलोव्हिरिडी कुळातला आहे. कांडीसारखा आकार, दुपदरी डीएनए, पेशीच्या केंद्रकात वाढ. आणखी काय पाहिजे?" पूर्वी त्याला तसे म्हणत, हे खरे; परंतु 2001 मध्ये त्याचा सुमारे तीन लाख बेसजोड्यांचा जीनोम (संपूर्ण जनुकीय मजकूर) वाचला गेला, तेव्हा त्यातल्या बहुतेक जनुकांना कुठेच नातेवाईक सापडले नाहीत आणि त्याच्यासाठी वेगळे कुळ करावे लागले. माझे गुण मात्र कापले गेले. बेळगावचे 2014 मध्ये बेळगावी झाले तेव्हा नुसते नाव बदलले, गाव जागचे हलले नाही. पण विषाणूचे कुळ बदलते तेव्हा त्याचे गणगोतच बदलते, हे परीक्षकांना पटले नाही.

आज मुख्य आधार जनुकक्रमांच्या नात्याचा असतो. आकार आणि यजमान दुय्यम. एकाच कोळंबीला होणाऱ्या रोगांपैकी यलो हेडचा विषाणू आरएनएचा असून कोरोना विषाणूंच्याच गणात (कुळाच्या वरच्या गटात) मोडतो, टॉरा सिंड्रोम या रोगाचा डायसिस्ट्रोव्हिरिडी कुळातला आहे, आणि ज्याला वर्षानुवर्षे मोनोडॉन बॅक्युलोव्हायरस म्हटले तो न्यूडीव्हायरस, म्हणजे वेगळ्याच कुळातला, निघाला. 1966 मध्ये वागो यांनी भूमध्य समुद्रातल्या खेकड्यात कवचधारींमधला पहिला विषाणू नोंदवला, तेव्हा हाताशी सूक्ष्मदर्शकच होता. त्या काळी आकारावर विसंबणे क्षम्य होते, 2004 मध्ये नव्हते.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. निमाव्हिरिडी आणि बॅक्युलोव्हिरिडी ही दोन्ही कुळे आता नाल्डाव्हिरिसिटीस या एकाच वर्गात, म्हणजे गणाच्याही वरच्या गटात, ठेवली आहेत. म्हणजे परीक्षकांना दूरचे नाते दिसले होते, असे कोणी म्हणेल. तरीही प्रश्न कुळाचा होता, वर्गाचा नव्हता.